पळी माझ्या हाती

उमरखेडची छावणी, १९४८

तीर्थरूप माय, गोजराचं डोकं तुझ्या पायावर.

रझाकार सख्याच्या बापाला शोधून राहिले व्हते, म्हणून रातोरात निघालो. आमी दोघं पैनगंगेपल्याड बराबर पोचलो. तकलीफ न्हाई.

सख्याचा ताप उतरला का? तापलेलं लेकरू तुझ्यापाशी ठेवून माझा पाय निघाला कसा, माय?

इथं घरटी मूठभर ज्वारीचं पीठ अन् ताक जमवून बारक्या लेकरांना आंबील शिजवतात. वाढायची पळी माझ्या हाती दिलीय. छावणीचं रांधणं बघणाऱ्या चतुराबाई म्हणाल्या, "हिचं लेकरू इथं न्हाई, ही कोणाला जास्त वाढणार न्हाई."

पण एक पोरगं सख्यावानीच वाटी पोटाशी धरून बसतं. त्याच्या वाटीत माझ्या हातून जास्तच पडतं. काल पंगतीतल्या शेवटच्या पोरीला नुसती भांड्याच्या तळाची खरवड आली. रडली न्हाई ती. वाटी चाटून उठली.

आज पळी परत द्यायला गेले, तर कोणी घेईना. तूच बराबर वाढती, साऱ्या बाया म्हणाल्या.

सख्याला दुधात भाकर कुस्करून दे. अन् कोणाकडं जेवायला नेलंस, तर त्याला पंगतीत शेवटी बसवू नको.

तुझी,
गोजरा