पलंगासाठी योग्य स्थळ

भरे, ता. मुळशी
ऑगस्ट २००८

चि. सौ. आशालता हिला विश्रामदादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही सगळे मजेत आहोत, आणि कराडला तुम्हीही तसेच असाल असं धरून चालतो. तुझी कंबर काय म्हणते? यजमानांचा खोकला पावसाळ्याने वाढला असेल, त्यांना ज्येष्ठमध चघळायला दे. तुझ्या लेकीने, किमयाने, मागचं स्थळही मोडल्याचं कळलं. बायोडेटात निर्व्यसनी असलेल्या मुलाच्या खिशातली तंबाखूची डबी चहाच्या ट्रेमध्ये पडली, हे वाचून मी मनसोक्त हसलो (तू हसली नसशील). पोरगी चिडते ते रास्तच आहे. तिला माझा पाठिंबा कळव.

आता माझी हकीकत. अमोघ सकाळी कंपनीत जातो तो अंधार पडल्यावर उगवतो. सूनबाईंनी, म्हणजे क्षितिजाने, घरबसल्या इंटरनेटवर जुन्या सामानाचं दुकान काढलं आहे. आयटीतली मंडळी अमेरिकेला निघाली की त्यांचे फ्रीज, कपाटं आणि मुठा गावाच्या बाजूला ज्यांचे बंगले आहेत त्यांना नकोसं झालेलं फर्निचर आपल्या घरी येतं. क्षितिजा फोटो आणि वर्णन दुकानात टाकते, लोक पाहून फोन करतात, आणि शेजारचा गेणबा आपल्या टेम्पोतून माल पोचवतो. निवृत्त माणसाला काहीतरी काम हवं म्हणून वर्णनं लिहायचं खातं तिने माझ्याकडे सोपवलं. मी किती खूश झालो म्हणून सांगू! कराडला मी वधू-वर सूचक मंडळाचा चिटणीस होतो हे तू जाणतेसच. माझ्या हाताखालून किती बायोडेटा गेले असतील! तेव्हा मी त्याच वळणाने लेखणी चालवली.

कपाटाला मी 'सुस्वरूप, घरंदाज, उंच बांधा' असं लिहिलं आणि फोटो चांगल्या दाराच्या बाजूने काढला (मंडळात आपण चांगल्या गालाच्या बाजूने काढायचो तसाच). टीव्हीचं 'पूर्वी एकदा जमलं होतं, थोडक्यात मोडलं, दोष कुणाचाच नाही'. एका फ्रीजचा कॉम्प्रेसर बोलायला तयार नव्हता, त्याला 'अत्यंत शांत स्वभाव' असं लिहून मोकळा झालो. बघायला येणाऱ्यांना कांदेपोहे दिले. घरात कोण कोण असतं, वस्तूला ऊन लागेल का, आधीच्या कपाटाचं काय झालं, अशी रीतसर चौकशी केली, आणि ज्यांची उत्तरं पटली नाहीत त्यांना 'कळवतो' म्हणून वाटेला लावलं. एक बाई टीव्ही न घेता पोह्यांची कृती लिहून घेऊन गेल्या.

व्हायचं तेच झालं. गेलेला माल परत येऊ लागला. शांत स्वभावाचा फ्रीज कोथरूडहून माघारी आला तेव्हा गेणबा पावसात निथळत दारात उभा राहून म्हणाला, "आबा, ह्याला आता हितंच नांदवा. माझा टेम्पो लई दमलाय."

आणि हॉलमध्ये तो सागवानी डबल पलंग! मुठ्याच्या एका बंगल्यातून आलेलं हे धूड नेमकं आपला गणपती बसतो त्या कोपऱ्यात ठाण मांडून आहे. आम्ही सगळे तिरके होऊन ये-जा करतो. गणपतीच्या आत पलंग हलला नाही तर वर्णनं ती स्वतः लिहील आणि मी आराम करावा, असं क्षितिजाने गोड आवाजात सांगितलं. आशा, मला आराम नको गं. दिवसभर खिडकीतून पाऊस बघत बसण्यापेक्षा फ्रीजचा बायोडेटा लिहिणं किती बरं! शेवटी ती म्हणाली, "बाबा, कुठे मोडलंय ते आधी लिहा. कौतुक ज्याचं तो घरी नेऊन करेल."

मला राग आला. रागाच्या भरात एका टेबलाचं मी खुन्नस काढल्यासारखं वर्णन लिहिलं. 'एक पाय बुटका. खण उघडतो, पण बंद होताना आढेवेढे घेतो. कोपऱ्यावर कुणीतरी कर्कटकाने बदाम कोरला आहे, आमचा त्याच्याशी संबंध नाही.' फोटोही बुटक्या पायाचाच टाकला. म्हटलं, घ्या खरं!

दुसऱ्याच दिवशी गिऱ्हाईक आलं. निषाद नावाचा मुलगा, मूळचा लातूरकडचा, पिरंगुटच्या कारखान्यात इंजिनिअर, गेणबाच्याच घरालगतच्या खोलीत भाड्याने राहतो. वर्णन छापून आणलं होतं त्याने. एकेक खोट हात लावून तपासली. मग म्हणाला की खणाची कडी ढिली आहे, ते लिहायचं राहिलंय, पण चालेल. मला तो फार आवडला. पुढे तो एक साधी खाटही घेऊन गेला. जाताना पलंगाच्या कडेवर जरा टेकला, लाकडावरून हात फिरवला आणि उठला.

"काका, पलंग झकास आहे. पण एकट्याला एवढ्यावर झोप लागायची नाही."

तेव्हापासून मी सगळ्या वर्णनांत वस्तूतली खोट आधी लिहितो, माल भराभर जातो आणि परत येत नाही. क्षितिजा खूश, गेणबाचा टेम्पो ताजातवाना. पलंग तेवढा कोपऱ्यात आहे. बाकी सर्व क्षेम. सर्वांना माझी आठवण सांग.

तुझा,
विश्रामदादा

ता. क. गणपतीच्या आत किमयाला घेऊन चार दिवस इकडे ये. मुळशीचं धरण भरलंय, तेही बघून होईल.

ता. क. २. तिला आधी सगळं स्पष्ट सांग आणि ती हो म्हणाली तरच निघा. निषादच्या खोटी पुढीलप्रमाणे: केस विरळ होऊ लागले आहेत. घोरतो (भिंतीपलीकडून गेणबाची साक्ष). पोह्यांतला कांदा निवडून ताटाच्या कडेला ठेवतो. तंबाखू नाही, हे मी खिसे चाचपून लिहीत आहे. किमयाच्याही खोटी कळव, 'गृहकृत्यदक्ष' वगैरे नको, मुलगा खरं वाचूनच येणारा आहे. जमलं तर तो पलंग लगेच उचलेल असं त्याच्याकडून वदवून घेतलं आहे. कोणाशी जमलं तर, ते मी अजून त्याला सांगितलेलं नाही.

ता. क. ३. सोबत फोटो जोडला आहे, नीट पाहून घे. तो पलंगाचा आहे. मुलाचा काढायचा राहून गेला.