चार बोटं मागं

आबा, गोडाऊनच्या ऑफिसात तुमच्या फोटोला अजून दर गुरुवारी हार पडतो, आणि तो घालायचं काम माझ्याकडे आहे. नवा हमाल आला की त्याला फोटो दाखवून सांगतात, बंद कंटेनरात जड माल बांधावा तर यांनीच. मी मान डोलावते. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, आणि माझा राग होता तिथंच आहे. तुमच्यासमोर तोंड उघडायची हिंमत कधी झाली नाही, ती आता कागदावर करून बघते.

काम तुम्हीच शिकवलंत आणि चांगलं शिकवलंत, हे आधी कबूल करते. करकंबहून सोलापूरला येऊन हमालीपासून मुकादमीपर्यंत पोचलेला माणूस. मी बुकिंगच्या टेबलावर बसायला लागले, तर पहिल्याच दिवशी मला रिकाम्या कंटेनरात चढवलंत. म्हणालात, "ब्रेक दाबला की गाडी थांबती. माल थांबत न्हाय. त्याला कोण सांगणार?" यंत्रमागाचं लोखंडी धूड आत ठेवलं की सरकू नये म्हणून खाली लाकडी ठोकळे ठोकायचे, चारी बाजूंनी पट्टे आवळायचे आणि शेवटी पायाभोवती खडूनं रेघ मारायची. ही रेघ तुमची स्वतःची पद्धत. ड्रायव्हरनं पहिल्या थांब्यावर दार उघडून बघायचं. माल रेघेत असला तर पुढं जायचं. रेघ सोडली असली तर गाडी तिथंच उभी करायची, पुन्हा बांधल्याशिवाय हलवायची नाही. हे तुम्ही सगळ्यांना इतक्या वेळा ऐकवायचात की ड्रायव्हर तुमची नक्कल करून हसायचे.

सकाळी तुम्ही स्वतः बांधलेला एक यंत्रमाग पुण्याला निघाला होता, आणि त्या दुपारी तुम्ही ऑफिसात जेवत होता. हाताला पिठलं लागलेलं, म्हणून फोन मी तुमच्या कानाशी धरला होता. सांगोल्याचा ड्रायव्हर टेंभुर्णीहून बोलतोय. "आबा, रेघ सुटली की. चार बोटं मागं आलंय, दाराकडं. पट्टा बी सैल वाटतोय." तुम्ही सावकाश घास गिळता. पुन्हा बांधायचं म्हणजे इथून माणसं आणि क्रेन पाठवायची, आणि तुम्ही बांधलेला माल हलला हे मालकाला कळणार. "पूस ती रेघ आन् दुसरी मार," तुम्ही म्हणता. "पट्टा जरा आवळ आन् जा निवांत. पुण्यात माणसं हायत." तो "बरं आबा" म्हणाला आणि फोन ठेवला. पुण्यात त्यानं दार उघडलं तेव्हा ते धूड दाराला टेकलेलं होतं. दारामागोमाग त्याच्या अंगावर आलं. तो जागीच गेला.

चौदाव्या दिवशी त्याची बायको ऑफिसात आली. तुम्ही खुर्चीतून उठलात, तिला पाणी दिलंत आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "वाटंत उघडून बघ म्हणून धा वेळा सांगितलं हुतं, बाई. न्हाय बघितलं त्यानं." त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात मी विषय काढला, तर तुम्ही ताट सरकवलंत. "तुला फोन धरायला दिलता. ऐकायला न्हाय." आई खाली मान घालून भाकरी थापत राहिली. पुढच्या आठवड्यात तुम्ही मला न मागता मनगटी घड्याळ आणलंत, आणि मी ते घातलं. जन्मभर चोख कामाची टिमकी वाजवलीत, आणि वेळ आली तेव्हा आपली चूक मेलेल्या माणसाच्या माथी मारून मोकळे झालात. तुमचा तोरा तेवढा उतरला असता, आबा, दुसरं काय झालं असतं? मला तुमची लाज वाटते. तरीही तुमची आठवण येते, याची चीड वेगळीच.

गेल्या महिन्यात एका लग्नाला सांगोल्याला गेले होते. तिथं त्या ड्रायव्हरची बायको भेटली. आता डाळिंबाच्या पॅकिंगला जाते. तिनंच मला ओळखलं, जवळ बसवून घेतलं. पोरगा मोठा झालाय, तोही गाडीवर असतो म्हणाली. "रोज निगताना त्याला सांगती, बापासारखा आळस करू नगो. लई चिडतो बापावर. म्हनतो, सोताच्या हातानं मेला." मग माझा हात धरून तिनं विचारलं, "तुमी हुताच की ताई तितं. खरंच बघितलं नव्हतं का ओ त्यांनी?"

दटावायला तुम्ही नव्हता. मालकही बदललाय, माझं कोणी काही वाकडं केलं नसतं. आजूबाजूला पंगत उठत होती, लोक हात धुवायला निघाले होते, आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणाले, "न्हाय ओ, वहिनी. न्हाय बघितलं."

हा कागद मी तिला लिहायला घेतला होता.