खाली टेक्सास, वर मी

मी, जिल्बेर आंतोनां फायोल, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा सुऱ्या बनविणे, राहणार सुऱ्यांच्या कारखान्यांचे शहर तिएर, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीतले शेवटून दुसरे घर, लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे, डोळे चष्म्याने चालतात, हात अजून थरथरत नाही, आणि मी रागावलेला आहे. हे शेवटचे वाक्य गाळा, असा नोटरी लाकोंब यांचा सल्ला होता.

"फायोलसाहेब, रागाच्या भरात लिहिलेल्या कागदावर उद्या कोणीही शंका काढेल."

"लाकोंबसाहेब, दोन वर्षं मुरलेला राग आहे हा. भर कसला घेऊन बसलात?"

आमच्या फ्रेंच कायद्याप्रमाणे असा कागद पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत स्वतःच्या हातचा असावा लागतो. तो तसा आहे. साक्षीदार लागत नाहीत. तरी मी दोन घेतले आहेत, कारण "शेवटी बाबांना काही कळत नव्हतं" असे म्हणण्याची सोय मला कोणासाठीही ठेवायची नाही. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात सर्व काही माझी बायको इवेत हिच्या नावे होते. ती माझ्याआधी गेली आणि पुढचे सगळे बघायचे माझ्यावर टाकून गेली.

कलम पहिले. वारस.

मला दोन मुले. थोरली सिल्वी दूर नांत शहरात असते, दातांच्या दवाखान्यात काम करते. धाकटा दिदिए माझ्या पायाखाली असतो. म्हणजे मी पहिल्या मजल्यावर राहतो आणि तळमजल्यावर, जिथे माझा, माझ्या बापाचा आणि आजोबांचा कारखाना होता, तिथे दिदिएचे 'टेक्सास' नावाचे बर्गरचे हॉटेल आहे. जागा मीच वापरायला दिली. हातपाय थकले होते आणि पोटचा पोरगा मागत होता. काय करणार हे मात्र त्याने पाटी लागेपर्यंत सांगितले नाही. आता दारात लाकडी गाय आणि आत लाल बाकडी आहेत, आणि वेटरची पोरे आमच्या गल्लीत जन्मून गिऱ्हाइकाला "हाय" म्हणतात. दिदिए स्वतः कधी अमेरिकेला गेलेला नाही. त्याला विमानाची भीती वाटते.

मुलाला वारसातून पूर्ण काढून टाकायचे तर आमचा कायदा तसे करू देत नाही. बापाने घाम गाळायचा आणि वाटणी सरकारने करायची! तीन भाग होतात. एक सिल्वीचा, एक दिदिएचा, तिसरा माझ्या मर्जीचा. म्हणजे माझ्या रागाला एवढीच काय ती जागा. हा तिसरा भाग सिल्वीला दिला, तर ती घर विकायला लावणार. तिने मला फोनवर तसे स्वच्छ सांगितले आहे. मग टेक्सासला कुलूप. दिदिएला दिला, तर टेक्सास राहणार. हे गल्लीतल्या कुत्र्यामांजरांनाही माहीत आहे. सगळे माझ्या तोंडाकडे बघत असतात. दिदिए तेवढा बघत नाही आणि विचारतही नाही. बापावर गेला आहे.

कलम दुसरे. हत्यारे.

आजोबांची फळी शहराच्या संग्रहालयाला द्यावी. या फळीवर पोटावर पालथे पडून, खाली फिरणाऱ्या दगडावर ते पाती घासत. नदीचे पाणी अंगावर उडायचे आणि थंडीने पाय बधिर होऊ नयेत म्हणून कुत्रा पायांवर झोपायचा. फळीवर कुत्र्याचे केस असतील तर पुसू नयेत. लोकांना कळू द्या की एका सुरीसाठी माणूस आणि जनावर दोघेही झिजत होते, आणि आता यांना जेवायला सुरीच नको झाली आहे.

ऐरण, हातोडे आणि कानशी माझा मित्र रोलां ब्रुगियेर याला. मुठी बनविण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. त्याने माझा लोखंड पकडायचा शेगडा नेला तो परत केलेला नाही. तोही आता त्याचाच समजावा, पण मला विसर पडला होता असे समजू नये. रोलां दर गुरुवारी टेक्सासमध्ये जेवतो. "तुझ्या पोराला तेवढाच आधार," असे तो मला सांगतो, आणि मिशीला चीज लागलेले असते.

ओदेत प्रादिए हिला मी काहीही देत नाही. तिच्या भट्टीतला पाव मी जन्मभर खाल्ला. आता ती पहाटे आधी दिदिएसाठी गोल, गोडसर, कापसासारखे पाव भाजते आणि मग उरलेल्या वेळात आमचे. बाई, तुमच्या वडिलांनी त्या भट्टीत असले काही घातले असते का? ओदेतने हे वाचले आहे आणि साक्षीदार म्हणून खाली सही करायचे कबूल केले आहे. "लिही लिही, मेल्यावर तरी पोट रिकामं होऊ दे तुझं," असे म्हणाली.

कलम तिसरे. रागाचे कारण.

लोकांना वाटते, म्हाताऱ्याला बर्गरचा राग आहे. बर्गरचा आहेच. साऱ्या देशाला हे वेड लागले आहे. लग्नात बर्गर, शाळेच्या जत्रेत बर्गर, आमच्या पाद्रीबुवांच्या निरोपाला बर्गर, वर मिल्कशेक. पण त्यासाठी कोणी मृत्युपत्र लिहीत नाही. खरे काय घडले ते ऐका.

टेक्सास उघडले त्या दुपारी मी जिन्यात उभा होतो. गल्ली भरून लोक आले. टेबलांवर बशा आल्या. दोन पावांमध्ये वीतभर उंच मांस, त्यावर जवळच्या आंबेर गावचे निळे चीज, बाजूला बटाटे. सगळ्यांनी बशीभोवती चाचपले. मग रोलां म्हणाला,

"ए दिदिए, सुरी कुठाय रे?"

"काका, हे हातानं खायचं असतं. तिकडे तसंच खातात."

"हातानं? आईनं एवढंच शिकवलं होय तुला?"

दिदिए हसून म्हणाला, "अहो, एकदा करून तर बघा."

रोलांने खिशात हात घातला. त्याच्या मागोमाग साऱ्या हॉटेलने घातला. सुऱ्या उघडल्याचा खटखट आवाज जिन्यापर्यंत आला. तिएरच्या माणसाच्या खिशात रुमाल नसेल, सुरी असते, आणि त्यातल्या निम्म्या तरी माझ्या हातच्या होत्या. तिएरमध्ये जन्मलेल्या, सुरीकाराच्या पोराने सुरीशिवाय टेबल मांडले होते! मी वर जाऊन पोट धरून हसलो. मला वाटले, आता येईल. आता जिना चढेल आणि म्हणेल, बाबा, सुऱ्या लागतील.

तो आला नाही. पुढच्या रविवारी सगळे माझ्याकडे जेवायला होते. कोकराची तंगडी भाजलेली, सिल्वीही आलेली. जेवता जेवता दिदिए सहज बोलल्यासारखा म्हणाला,

"सुऱ्यांचं काम झालं हं. खोकंच मागवलं. बाहेरचा माल आहे, पण डिशवॉशरमध्ये चालतो."

मी विचारले, "वर बाप बसलाय, त्याला विचारावंसं वाटलं नाही?"

"तुमच्या सुऱ्या हातानं धुवाव्या लागतात, बाबा. कोण धुणार? आणि तुम्ही बर्गरसाठी थोडीच सुरी केली असती!"

तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्यात घरातला वडीलधारा सुरी उघडतो तेव्हा जेवण सुरू होते, आणि तो मिटतो तेव्हा संपते. मग ताटात काहीही असो. मी सुरी मिटली. खट. दिदिएचा घास हातात होता, तो त्याने खाली ठेवला. नादेज, त्याची बायको, माझ्याकडे बघत राहिली. सगळे उठले. तंगडी अर्धी तशीच राहिली. त्या दिवसापासून दिदिए आणि मी एका टेबलावर जेवलेलो नाही. जिन्यात गाठ पडली तर तो "बाबा" म्हणतो, मी "हं" म्हणतो.

त्याने विचारले असते तर मी केली असती. शिव्या देत केली असती, पण केली असती. माझे नाक कापले गेले ते या गोष्टीने.

कलम चौथे. कपाटातला माल.

नादेज रोज दुपारी बर्गरची एक बशी वर आणून ठेवते. अन्न वाया जाऊ नये म्हणून मी ते खातो. खाण्यापूर्वी व्हर्नियर लावून त्याची उंची मोजतो. पाव किती दबतो, चीज पात्याला किती धरते, तेही बघतो. खोक्यातल्या सुऱ्यांना दाते आहेत. त्यांनी पाव फाटतो आणि आतला माल बाहेर पडतो. इथे पाते लांब हवे, थोडे रुंद, बिनदात्याचे, आणि धार अशी की पावाला कळू नये.

तशा सुऱ्या मी केल्या आहेत. वरच्या लहान खोलीत, दुपारच्या वेळी, खाली गर्दी असताना. खरखर खाली ऐकू जाते. "वर काय चाललंय हो?" असे कोणी विचारले, की दिदिए सांगतो, "काही नाही, बाबा रागावलेत." हे मला रोलांने सांगितले. दिदिएचे खोटे नाही. मी रागातच घासत होतो.

टेक्सासच्या प्रत्येक खुर्चीला एक सुरी पुरेल. मुठी बॉक्सवूडच्या कठीण लाकडाच्या, रोलांच्या हातच्या. इतके दिवस तो गप्प बसला म्हणून शेगड्याचे माफ. सुऱ्या इवेतच्या कपड्यांच्या कपाटात आहेत.

कलम पाचवे. निकाल.

माझ्या मर्जीचा तिसरा भाग मी माझा मुलगा दिदिए यास देतो. तळमजला त्याच्या वाटणीत धरावा आणि तो विकू नये. सिल्वी, ओरडू नकोस. तुझा भाग तुला पुरेपूर मिळेल, शिवाय तुझ्या आईचे दागिने आणि चांदीचे काटेचमचे तुझे. दिदिएने बर्गर विकावे. आपलेच दात आणि आपलेच ओठ, दुसरे काय! मात्र बाहेरच्या सुऱ्यांचे खोके गल्लीबाहेर जावे आणि माझ्या सुऱ्या टेबलांवर त्याने स्वतःच्या हाताने मांडाव्यात. धुवाव्याही हातानेच. एक जरी सुरी त्या यंत्रात सापडली, तर ओदेतने त्याचा पाव बंद करावा. तिने मला तसा शब्द दिला आहे.

कलम सहावे. हे नोटरी लाकोंब यांनी माझी शवपेटी बंद होण्यापूर्वी वाचून दाखवावे.

सुरी कोणी फुकट घेत नाही. फुकट घेतलेली सुरी नाते कापते, म्हणून घेणारा देणाऱ्याच्या हातावर एक नाणे ठेवतो. दिदिएला त्याची पहिली सुरी मी दिली तेव्हा त्याने मला एक नाणे दिले होते, तोंडातल्या गोळीने चिकट झालेले. ते माझ्या रविवारच्या कोटाच्या डाव्या खिशात आहे. कोट मला तोच घालावा. दिदिएने तसेच एक नाणे त्याच खिशात स्वतः ठेवावे. आठवणीने ठेव, पोरा. मी तुझ्यावर रागावलेला आहे आणि रागावलेलाच जाणार आहे. पण तुझे माझे कापले जाणे मला चालणार नाही.

माझ्या मागचे जेवण टेक्सासमध्ये व्हावे. बर्गर नको. कोकराची तंगडी दिदिएने भाजावी, त्याला आईने शिकवलेली आहे. माझी खिशातली सुरी त्याने घ्यावी, माझ्या जागी बसावे आणि ती उघडावी. तंगडी संपल्याशिवाय त्याने ती मिटू नये, आणि या वेळी कोणीही मध्येच उठू नये.

हे सर्व मी माझ्या हाताने लिहिले, पुन्हा वाचले, आणि एकही शब्द मागे घेत नाही.

(सही) जिल्बेर आंतोनां फायोल

साक्षीदार:
(सही) रोलां ब्रुगियेर, मुठी बनविणारा. शेगडा उद्या आणून देतो.
(सही) ओदेत प्रादिए, पाववाली. शब्द दिला आहे, पाळीन.

ठिकाण: तिएर
तारीख: १४ नोव्हेंबर २०२३