थांबण्यापुरता खांदा

बदलापूर,
८ डिसेंबर २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुम्ही चौघे पेन्शनर सायकलवरून गोव्याला निघालात आणि महाडपर्यंत धड पोहोचलात, हे वहिनीकडून कळलं. फोन करत नाही. फोनवर तू सुरू झालास की मला हुं म्हणायलाही जागा उरत नाही. म्हणून लिहिते आहे आणि पानाचा फोटो पाठवते आहे. तूही लिहूनच उत्तर दे. लिहिताना तरी तुला दम लागतो.

काम गंधारचं आहे. अपघातात त्याचा उजवा पाय गेला त्याला दोन वर्षं होतील. कुबड्या घेऊन नोकरीवर जायला लागला, मी देवाचे आभार मानले. आता म्हणतो, एका पायाने सायकल चालवायची आहे. डॉक्टरांनी मनाई केलेली नाही, म्हणे. मनाई नाही म्हणजे परवानगी झाली का? मी सायकलला कुलूप घातलं. तेव्हापासून माझं लेकरू माझ्याशी बोलत नाही. भाजी वाढू का विचारलं तर नुसती मान हलवतो.

तुझ्या एका शब्दावर अंबरनाथच्या कारखान्यांसमोरच्या गेटसभांतून माणसं संपावर गेली. तेवढ्या एका भाच्याला घरी बसव.

तुझी धाकटी,
उमा


खेड,
१० डिसेंबर २०२४

चि. सौ. उमास,
अ. उ. आ.

गंधारसाठी काल चार पानं लिहिली. मुद्देसूद होती, जळजळीत होती. आज ती फाडली. का, ते ऐक.

जुन्या कशेडी घाटात मी दोन पायांचा माणूस उतरून सायकल ढकलत होतो. मागून एक बाई आली आणि चढावर मला मागे टाकून पुढे गेली. पाय एकच, डावा, पॅडलला पट्ट्याने आवळलेला. कुबडी दांड्याला बांधलेली. माझ्यातला वक्ता पेटला! सायकल कठड्याला टेकवली, धावत गेलो, तिचं कॅरियर धरलं आणि दिलं रेटून. सायकल झोकांडली. बाई रस्त्यावर आडवी, कोपर सोलवटलेलं.

मी हात जोडून माफी मागत राहिलो. ती पडल्या पडल्या म्हणाली, काका, मी बोलली का तुम्हाला धक्का मारा म्हणून? आधी तो पट्टा सोडा, सॉरी नंतर बोला.

नाव नूतन. आपल्या अंबरनाथच्या मोरिवलीची. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्स शिवण्याचा कारखाना चालवते. चहा पिताना मी म्हटलं, तुम्ही समाजाची प्रेरणा आहात, अंबरनाथला तुमचा जाहीर सत्कार करतो. तर म्हणाली, शाल कॅम्पात पण भेटते, त्यासाठी भाषण कशाला ऐकू?

मग मी गंधारचं सांगितलं. पाय कसा गेला, हे तिने विचारलंच नाही. एवढंच विचारलं, की तो थांबतो कसा? मला प्रश्नच कळला नाही. हसू नकोस.

ती म्हणाली, चालवताना कोणी लागत नाही. थांबताना लागतं. एक पाय पट्ट्यात, दुसरा टेकायला नाही. म्हणून ती खांब नाहीतर झाड बघूनच थांबते. शिकत होती तेव्हा तिचा नवरा धर्मराज मैदानात उभा राहायचा. ती येऊन त्याचा खांदा धरायची. त्याने तोंड उघडलं की ओरडा खायचा.

उमा, आयुष्यभर मी हक्क या शब्दावर घसा फोडला, आणि आज न विचारता एका माणसाला ढकललं. तू न विचारता अडवते आहेस. फरक एवढाच, की अडवल्याने कोपर सोलवटत नाही, म्हणून ते दिसत नाही. गंधारला मी काही सांगणार नाही. सांगायचं ते तुला. कुलूप काढ, आणि तो थांबेल तिथे उभी राहा.

तुझ्या रागासकट तुझा,
विष्णुदादा


बदलापूर,
२२ डिसेंबर २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

भर रस्त्यात बाईला पाडतोस आणि शहाणपण मला शिकवतोस! इतका संताप आला की उत्तरच दिलं नाही. कुलूपही काढलं नाही. पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. शेवटी परवा जेवताना गंधारला विचारलं, तू थांबशील कसा रे? त्याने ताटातून नजर वर केली. म्हणाला, आई, मी रोज त्याचाच विचार करतोय. तू विचारशील असं वाटलं नव्हतं.

आज सकाळी कुलूप काढून सोसायटीमागच्या मैदानात गेलो. पहिल्या फेरीला तो एकटाच आपटला. दुसऱ्या फेरीला त्याने माझा खांदा धरला आणि आम्ही दोघं पडलो. माझ्या बांगड्या फुटल्या, आणि त्याला एवढं हसू लोटलं की उठायचं नाव घेईना. दोन वर्षांत हे हसू ऐकलं नव्हतं, दादा. तू परतलास की बघायला ये. तोंड बंद ठेवणार असशील तर.

तिसऱ्या फेरीला मी पाय रोवून, खांदा पुढे करून उभी राहिले. तो जवळ आला. माझ्याकडे बघितलं. आणि थांबलाच नाही. आई, अजून एक, असं ओरडत पुढे निघून गेला.

धावत जाऊन धरावंसं वाटलं. पण मी जागा सोडली नाही.

माया आहेच, ती कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
उमा