रिकाम्या तोंडावरचा आळ

सासूबाई, इतक्या वर्षांनी तुम्हाला लिहायला बसले आहे आणि पहिल्याच ओळीला हात अडतोय. त्या अष्टमीचंच आधी लिहिते. कुळधर्माचा स्वयंपाक होता, शेजारच्या काकू सवाष्ण म्हणून आल्या होत्या. तुम्ही सोवळ्यात पुरण वाटत बसला होतात आणि तुमचं तोंड हलत होतं. ओठ मिटताहेत, उघडताहेत, जीभ गालात फिरतेय. मी काकूंसमोरच म्हटलं, "सासूबाई, देवीला नैवेद्य व्हायचाय अजून!" ज्यांनी मला आमटीतलं मीठ नुसत्या वासावरून ओळखायला शिकवलं, त्यांना मी हे म्हटलं. तुम्ही पाटावरूनच लहान मुलीसारखा आ केलात. "बघ गं, काही नाहीये." काकू हसल्या, "असू दे हो, म्हातारपणी जीभ पुन्हा लहान होते." मी तुमच्या तोंडात पाहिलंच नाही. पुरणाचं पातेलं तेवढं तुमच्यापुढून उचललं.

तेव्हापासून तुम्ही तोंडावर पदर धरायला लागलात आणि उंबऱ्याबाहेर बसून भाजी निवडायला लागलात. शेवटी आम्ही डॉक्टरांकडे नेलं. मामंजी गेल्यावर तुम्हाला भास व्हायचे, त्यासाठीच्या गोळ्या चालूच होत्या. त्या पाहून डॉक्टर म्हणाले, "अहो, ह्या काही खात नाहीत. या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या की कुणाकुणाचं तोंड असं आपोआप हलतं." मेंदूत निरोप पोचवणारी रसायनं असतात म्हणे, गोळ्यांनी त्यांचा तोल बिघडतो. त्यातलं एक रसायन शरीर कोलीनपासून बनवतं आणि कोलीन मिळतं खाण्यातून, अंड्याच्या बलकात भरपूर, सोयाबीनमध्येही. "परदेशात यावर कोलीन देऊन बघताहेत. गुण येईलच असं मी म्हणत नाही, पण रोज एक अंडं द्यायला काय हरकत आहे?"

परतताना टांग्यात तुम्हीच म्हणालात, "औषध म्हणून घेईन की मी. मागच्या ओट्यावर वेगळ्या भांड्यात उकड. सप्तशृंगीला माझं मी सांगते."

"देवीला सांगाल हो, पण काकूंना कोण सांगणार?"

"काकूंना म्हणावं, म्हातारी बाटली!" असं म्हणून तुम्ही हसलात, किती दिवसांनी पदर न धरता. मी हसले नाही. माझ्या घरात अंडं येणार नाही, एवढंच म्हटलं.

मग सोयाबीनचं पीठ गव्हात मिसळून पोळ्या केल्या. त्या वातड व्हायच्या. तुम्ही दुधात कुस्करून मुकाट्याने खायचात. तोंड काही थांबलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा कुठे ते थांबलं, आणि मला तुमचा चेहरा ओळखूच येईना. तेराव्याला काकू म्हणाल्या, "खाण्याची फार हौस होती हो त्यांना, गोड जरा सढळ करा." मी मान हलवली आणि लाडू वाढवले.

परवा भाचा आला होता, तो डॉक्टर आहे. त्याला सहज म्हणून विचारलं. तो म्हणाला, "मामी, त्या उपायाचा पुढे फारसा उपयोग दिसला नाही." अंड्यानेही कदाचित काही झालं नसतं. मला इतकं हायसं वाटलं की देवापुढे उभं राहायचीसुद्धा लाज वाटली. कारण काकूंना दोन शब्द सांगणं तर माझ्या हातात होतं: त्यांचं तोंड रिकामं होतं. पण मग गोळ्या कसल्या, ते सांगावं लागलं असतं. तेव्हा वन्सं लग्नाच्या होत्या. आईला डोक्याच्या गोळ्या आहेत म्हटल्यावर कोणतं स्थळ टिकलं असतं? त्यापेक्षा सासू चोरून खाते, हे मला परवडलं. स्वतःला मी हेच कारण देत आले.

हे पत्र कुणाला दाखवायचं नाही, देव्हाऱ्यातही ठेववत नाही. चुलीत घालीन. पण घालण्याआधी एवढं लिहू दे: वन्संचं लग्न तुम्ही असतानाच झालं होतं. त्यानंतरही मी काकूंना सांगितलं नाही.