अडुसष्ट

कुह्मो, ३ नोव्हेंबर

चि. रायमो यास ताईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर सांगताना रडले असते, म्हणून पत्र. सोबत आर्मासचा फोन पाठवते आहे. तो बंद पडलाय.

मार्चमध्ये आर्मासला जाऊन वर्ष होईल. जाण्याआधी त्याने मला सौना, आपली वाफेची न्हाणी, कसा तापवायचा ते फोनमध्ये बोलून ठेवलं होतं, कारण संसाराच्या चाळीस वर्षांत मी कधी त्या चुलीला हात लावला नव्हता. आधी बर्चची साल, मग बारीक लाकडं, निखारे झाले की धुराड्याची झडप. दर शनिवारी ते ऐकत मी चूल पेटवते. परवा त्याचा वाढदिवस होता. तो बसायचा तिथे, वरच्या बाकावर, फोन घेऊन बसले आणि चुलीवरच्या तापल्या दगडांवर पाणी टाकलं. तिसऱ्या ओगराळ्याला फोन काळा झाला.

फोनच्या खोक्यावर अडुसष्ट आकडा आहे. पाण्यात बुडाला तरी चालेल, असं तूच म्हणाला होतास. लहानपणी वाफ आली की तू पहिला खाली पळायचास. फोन तुझ्यावर गेला म्हणायचा.

त्याचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. जमेल ते कर.

तुझी,
हिल्काताई


तांपेरे, १४ नोव्हेंबर

ती. हिल्काताईस सा. न. वि. वि.

चूक माझी आहे. अडुसष्टमधला सहा धुळीचा, आठ पाण्याचा. आम्ही प्रयोगशाळेत नवा कोरा फोन साध्या, गार पाण्यात ठरावीक खोलीवर, ठरावीक वेळ ठेवतो, आणि तो आकडा मिळतो. वाफेबद्दल तो काहीच सांगत नाही. उष्णतेने आतला डिंक सैल होतो, पाणी शिरत नाही तिथून वाफ शिरते आणि आत गार होऊन तिचं पाणी होतं. त्यात भावजींनी तो दोनदा तळ्याच्या बर्फावर पाडलेला. वीस वर्षं हेच काम करतो, आणि घरच्यांना एवढंच सांगितलं की बुडाला तरी चालेल.

उघडून वाळवला, साफ केला. चौथ्या दिवशी वीस मिनिटं उजळला, मग कायमचा गेला. तेवढ्यात भावजींचं बोलणं काढून घेतलं. पेनड्राइव्ह सोबत आहे.

एक सांगायचं आहे. झडपेपाशी ते संपत नाही. लाकडं तडतडतात, आणि मग भावजी तुला हाक मारतात. तिथे मी थांबवलं. पुढचं माझं नव्हे.

मुलं तुझी आठवण काढतात. रागावली असलीस तरी पत्र लिही.

तुझा,
रायमो


कुह्मो, १९ नोव्हेंबर

चि. रायमो, आशीर्वाद.

पोचलं. स्वयंपाकघरात बसून ऐकलं, काळजी नको.

झडपेचं वाक्य आलं की मी फोन बंद करून उठायची, म्हणून पुढचं कधी ऐकलंच नव्हतं. तो मला विचारतो, की अगं हिल्का, हे बंद कसं करतात. लांबून एक बाई ओरडते, की हात पिठात आहेत माझे, राहू दे चालू. ती मी. मला हे आठवतही नाही.

मग त्याने चालूच ठेवलं. नंतर नऊ मिनिटं कोणीच बोलत नाही. तो लाकडं सारतो, एकदा खोकतो. आमचं असंच असायचं. मी शेवटपर्यंत ऐकलं.

रागावले नाही. पोरांना घेऊन ये, माया आहे तशीच ठेव.

तुझी,
ताई