कपाशीचं औषध

पांढुर्णा, सप्टेंबर १९८६

प्रिय रजनी,

सप्रेम जयभीम. पुढचं वाचायच्या आधी बाळाला उचल आणि अंगणात येऊन बस. घरात डासांसाठी काही फवारलं असेल, तर पत्र तसंच ठेव. बाळाचे कपडे काढ, साबणाने आंघोळ घाल आणि सौंसरचा दवाखाना गाठ. फवारलं नसेल तर वाच. मी काही वेडी झाली नाही.

नामकरणाला आम्ही आलो नाही म्हणून तू रुसली असशील. आमची बेबी दवाखान्यात होती. तू ओली बाळंतीण, म्हणून कळवलं नाही.

तुला माहीत आहे, पोळ्याच्या आधी बेबीला हिवताप येऊन गेला. सात वर्षांची पोर पार वाळून गेली. तेव्हापासून तुझ्या भाऊजींनी डासांचा धसकाच घेतला. एक डास दिसला की हातचं काम टाकून त्याच्यामागे. यशवंतरावांच्या कपाशीवर हे फवारणीला जातात, तिथलं उरलेलं औषध बाटलीत घालून घरी आणलं. मी म्हटलं, "हे शेताचं आहे, घरात कशाला?" तर म्हणाले, "अळ्या मरतात, तर मच्छर काय जगतीन?" मी कामाला गेली, तेव्हा यांनी दारं-खिडक्या लावून सारं घर फवारलं. भिंती, कोपरे, खाटेवरची गोधडीसुद्धा.

बेबी शाळेतून आली आणि त्याच गोधडीवर झोपली. मी आली तर पोर घामाने निथळून राहिली होती. तोंडातून लाळ, दोनदा ओकली, हातपाय थरथरत होते. आधी वाटलं, हिवताप उलटला. पण अंग थंडगार होतं. शेजारच्या लीलाबाई मिठाचं पाणी पाजायला धावल्या. मी पाजू दिलं नाही, तिला गिळताच येत नव्हतं.

यांनी फवारल्याचं सांगितलं, बाटली घेतली आणि आम्ही पोरीला दवाखान्यात नेलं. तिथे डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या, टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. त्यांनी विचारलं, "कोणतं औषध?" यांनी बाटली पुढे केली. तिच्यावर खोकल्याच्या औषधाचं लेबल होतं. डॉक्टरांनी एकदा यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "औषधाची मूळ डबी आणा, पळा." हे सायकलीने यशवंतरावांच्या शेतावर गेले. इकडे नर्सबाईंनी पोरीचे कपडे काढून साबणाने अंग धुतलं, केससुद्धा. डॉक्टरांनी डबीची वाट न पाहता सुया सुरू केल्या. बेबीचा श्वास घरघरत होता आणि मी तिचे पाय धरून उभी होती. हे डबी घेऊन परतले तेव्हा ती डोळे मिटून होती. यांना वाटलं, गेली. तिथेच भिंतीला टेकून खाली बसले. रजनी, या माणसाला मी त्याची माय गेली तेव्हाही असं पाहिलं नव्हतं.

ती वाचली. कालच घरी आणली. भिंती आम्ही धुतल्या, गोधडी आता घरात येणार नाही. डॉक्टरांनी सांगितलं तसं रांजण रिकामा करून घासला, वर फडकं बांधलं; आता दर आठवड्याला तसंच करणार. मोरीमागचं डबकं यांनी मातीने भरलं. मच्छरदाणी आणली, रात्री तिच्यात बेबी झोपली आणि हे बाहेर बसून राहिले. आपल्या हातांकडे पाहत होते.

आज सकाळी बोलले. पोळ्याला तुझे हिरामणजी आले होते, तेव्हा त्यांनाही त्यातलं औषध दिलं म्हणे, तुझ्या बाळाला डास चावू नये म्हणून. ती बाटली तुझ्याच घरात कुठेतरी आहे. हे पत्र घेऊन तुझे भाऊजीच आले आहेत, कारण तोंडाने त्यांना सांगता येणार नाही. औषधाचं नाव लिहिलेली चिठ्ठी त्यांच्या खिशात आहे, दवाखान्यात लागली तर. बाटली कुठे ओतू नको, त्यांना दे. ती यशवंतरावांच्या कोठीत कुलपात जाईल. मग दोघंही हात साबणाने धुवा. हिरामणजींना म्हण, भाऊजींना काही बोलू नका. आणि त्यांना जेवायला वाढ. बेबी डोळे उघडून 'बाबा' म्हणाली, तेव्हापासून त्यांच्या घशाखाली धड घास उतरला नाही.

तुझीच ताई,
चंद्रकला